सत्तरच्या पुढे

कुलूप इतकं तापलेलं असतं
की मॅडम ते ओढणीत धरून उघडते.
मॅडम म्हणजे माझी बायको.
अख्खं जामडोह तिला तसंच म्हणतं,
म्हणता म्हणता माझ्याही तोंडात तेच बसलं.
मी गाडी लिंबाखाली लावतो,
डोक्याचा दुपट्टा सोडतो, घाम पुसून पुन्हा बांधतो.
मे महिना, बारा तारीख.
शाळेला सुट्टी.

आत तांदळाची तीन पोती.
वरून विचारलंय, शिल्लक किती.
काटा मी किराणावाल्याकडून मागून आणला,
पोती मीच उचलली, आकडे तिने लिहिले.
एकशे बेचाळीस किलो, सोंडे धरून.
"सोंडे कुठल्या रकान्यात दाखवू?"
मी हसलो.
ती खरंच विचारत होती.

मग आधार.
तिसरीतली एक पोरगी रजिस्टरात रेशमा आहे,
आधारावर रेश्माबाई,
आणि जन्मतारीख एक जानेवारी,
जशी अर्ध्या गावाची आहे.
फॉर्म उघडायला टाकीवर चढावं लागतं.
टाकीत पाणी नाही, टाकीवर रेंज आहे.
खालून मला तिची चप्पल दिसते
आणि गोल गोल फिरणारं काहीतरी,
ते दिसत नाही, पण तिच्या मानेवरून कळतं.

पाटणबोरीला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.
शेजारच्या पानठेल्यावर गजूभाऊ खर्रा घोटतो, घोटता घोटता म्हणतो,
"वहिनीचं बरं हाये बा, दोन महिने आराम."
मी म्हणतो, "हो ना, मजा आहे."
खरं सांगायला वेळ लागतो,
खर्रा तेवढ्यात घोटून होतो.

रजिस्टर सांगतं अठरा.
वीस पाहिजेत.
विसाच्या खाली गेलेल्या शाळेबद्दल
तालुक्याला लोक हळू आवाजात बोलतात,
दवाखान्यातल्या पेशंटबद्दल बोलावं तसं.

म्हणून उन्हं कलल्यावर आम्ही पोडावर गेलो.
पहाटे जंगलात गेलेली माणसं परतली होती,
अंगणाअंगणात तेंदूपानांचे ढीग,
बाया पुडे बांधत होत्या, पळसाच्या वाकानं.
टेकामांच्या अंगणात सहा वर्षांचा जंगू
आईला पानं मोजून देत होता.
मान वर नाही, बोटं थांबत नाहीत,
अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर,
आणि आईच्या हातात गठ्ठा.
मॅडम त्याच्यासमोर उकिडवी बसली.
तिच्या पिशवीत चित्रांचा तक्ता होता,
हत्ती, मका, पतंग. तो तिने काढलाच नाही.
"सत्तरच्या पुढं काय रे?"
जंगूनं पहिल्यांदा वर पाहिलं,
एवढी मोठी बाई आणि हे माहीत नाही.
"पुढं काय? दुसरा पुडा."

आई हसली. मॅडमही हसली.
मग नाव, वडिलांचं नाव, अंगठा.
शेरा लिहायच्या जागी, जिथं नुसतं 'समाधानकारक' लिहितात,
तिने बारीक अक्षरात लिहिलं:
सत्तरपर्यंत येतं.

एकोणीस झाले.
विसाव्याचं घर कोणतं, कुणाला ठाऊक नाही.
अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, एक कुटुंब
वीटभट्टीवरून जूनमध्ये परतेल. कदाचित.
येताना रस्त्यात ती बोलली नाही,
फक्त एकदा म्हणाली, "कुलूप लावलं होतं ना आपण?"
आणि आम्ही चार किलोमीटर मागे गेलो.
लावलं होतं.

रात्री लाईट गेली, कूलर थांबला,
उकाड्यानं मला जाग आली.
ती फरशीवर बसलेली, मोबाईलच्या उजेडात,
समोर या सीझनच्या लग्नपत्रिका.
तिच्या मावसभावाचं लग्न, माझ्या मित्राच्या मुलीचं,
ज्यांना आम्ही जाऊ जाऊ म्हणत गेलो नाही.
गणपती आणि मुहूर्त बाजूला कापून
कोऱ्या पाठीचे चौकोन करत होती ती,
जाड स्केचपेननं आकडे काढत होती.
मी म्हटलं, "एकपासून का नाही?"
"एक ते सत्तर त्याच्याकडे आहेत," ती म्हणाली,
आणि शाई वाळावी म्हणून
एकाहत्तरवर फुंकर घातली.